कोरडा खटका

मला माणसांत बसायची हौस नाही. माझ्या बायकोला, डोरीनला, ती फार, आणि ती स्वतःची हौस माझ्या जिवावर भागवते. म्हणून त्या वर्षी मे महिन्यापासून दर गुरुवारी मी आमच्या कर्कहोम गावच्या पिअरवर, जुन्या नाचाच्या हॉलमध्ये, टेबलामागे बसू लागलो. छातीवर तिनेच बनवलेला बिल्ला: ‘सिरिल. पिअरचा फोटोवाला. १९५५ ते १९६१.’

आमचा पिअर म्हणजे समुद्रात पाऊण मैल घुसलेला लाकडी धक्का. खाली लोखंडी खांब, वर फळ्या, आणि फळ्यांवर माणसाला मूर्ख बनवण्याची सगळी साधनं: भुताची गाडी, गोल घसरगुंडीचा मनोरा, नेमबाजी, हात बघणारी बाई. शंभर वर्षं वादळं खाऊन तो उभा आहे. दुरुस्तीसाठी हॉलच्या फळ्या उचकटल्या तेव्हा खाली सात पत्र्याच्या पेट्या सापडल्या, आणि त्यांत आमच्या कंपनीचे, ‘सनीवॉक’चे, कुणी न नेलेले हजारो फोटो.

त्या काळी घरोघरी कॅमेरा नव्हता. आम्ही पिअरच्या तोंडाशी उभे राहायचो. माणसं समोरून चालत आली की खटका दाबायचा आणि ती पुढे निघायच्या आत त्यांच्या हातात नंबराची चिठ्ठी कोंबायची. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या खोपटाबाहेर फळीवर फोटो टाचलेले असत. माणसं स्वतःला शोधायची, हसायची, घ्यायची किंवा नाक मुरडून निघून जायची. नाक मुरडलेल्यांचे फोटो पेटीत.

आता ते सगळे फोटो डोरीनने हॉलभर मांडले होते. लोक लांबलांबून येत होते. कुणाला आजी सापडायची, कुणाला लढाईवरून परत आलेला आणि मग दारूत गेलेला बाप. ते रडायचे, डोरीन चहा द्यायची, आणि मग ते येऊन मलाच मिठी मारायचे. जणू मी त्यांच्या आजीला जन्म दिला होता.

“जरा हसत जा की,” डोरीन म्हणायची. “मिठी मारतात, चावत नाहीत.”

“चावले तर निदान घरी तरी जाता येईल,” मी म्हणायचो.

ऑगस्टच्या दुसऱ्या गुरुवारी ओल्डमहून म्हाताऱ्यांच्या क्लबची बस आली. बाकीचे सगळे मासे-बटाटे खायला पांगले. एक बाई तेवढी सरळ हॉलमध्ये आली. ऐंशीच्या पुढची, बुटकी, डोक्याला प्लॅस्टिकची टोपी बांधलेली, कारण बाहेर भुरभुर चालू होती. तिने टोपी सोडली, घडी घातली, पिशवीत ठेवली. मग बिस्किटाचा एक चपटा डबा काढला आणि त्यातून एक पाकीट.

“मी हिल्डा शॉक्रॉस,” ती म्हणाली. “माझ्याकडे चिठ्ठी आहे.”

चिठ्ठी घेऊन कुणी येत नसे. पन्नास-पंचावन्न वर्षं कोण जपून ठेवतंय? डोरीनला तर आनंदाचं भरतंच आलं.

“अगं बाई, नंबरासकट? सिरिल, बघ तरी. यांचं काम पाच मिनिटांचं आहे.”

मी चिठ्ठी हातात घेतली. नंबर ४४१७. कागद पिवळा पडला होता, पण शाई स्वच्छ. आणि वरच्या उजव्या कोपऱ्याला नखाने मारलेली बारीक चीर.

 ती चीर माझ्या नखाची होती.

आता हे सांगायलाच हवं. आमचा मालक पार्टिंग्टन फिल्म मोजून द्यायचा, सकाळी तीन रिळं, दुपारी दोन. गर्दी त्याच्या दसपट. पण फोटोवाला हात खिशात घालून उभा राहिलेला त्याला चालत नसे, कारण मग पलीकडच्या कंपनीची पोरं जागा बळकावत. म्हणून सगळ्यांवर कॅमेरा रोखायचा, सगळ्यांना चिठ्ठ्या द्यायच्या, आणि जे फोटो विकत घेणार नाहीत असं वाटेल त्यांच्या वेळी खटका नुसताच वाजवायचा. आत फिल्म पुढे सरकायची नाही. याला आम्ही कोरडा खटका म्हणायचो. त्या चिठ्ठीला नखाने चीर द्यायची, प्रत्येकाचा कोपरा ठरलेला; माझा वरचा उजवा. ते लोक चुकून दुसऱ्या दिवशी आलेच, तर खोपटातली मुलगी चीर बघून म्हणायची, ‘सॉरी हं, तुमच्या फोटोत उजेड शिरला,’ आणि त्यांना भुताच्या गाडीची फुकट फेरी द्यायची. कुणी कधी भांडलं नाही. उलट खूश होऊन जायचे.

म्हणजे ४४१७ नंबरचा फोटो हरवला नव्हता. तो कधी काढलाच नव्हता.

मी हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मी म्हणालो, “बघू या. पेट्यांत पाणी शिरलं होतं, पाठीमागचे बरेच नंबर धुऊन गेलेत.” हे खरं होतं, म्हणून ते बोलणं सोपं गेलं.

ती माझ्या शेजारी बसली आणि आम्ही पेटी उघडली. तिने १९५७ साल सांगितलं; त्या सालच्या दोन पेट्या होत्या. मी एकेक फोटो उलटून नंबर बघण्याचं नाटक करत होतो, ती एकेक चेहरा बघत होती.

“कुणाचा आहे?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण गप्प बसवेना.

“माझ्या मुलीचा. म्युरिअलचा. साडेचार वर्षांची होती.” तिने एका जाड्या जोडप्याचा फोटो बाजूला सारला. “आमच्या गल्लीतले सगळे सुट्टीत इथे आठवडाभर यायचे. माझा नवरा तेव्हा छातीने आजारी. आठवडा कुठला परवडायला? म्हटलं, एक दिवस तरी पोरीला समुद्र दाखवू. सकाळच्या गाडीने आलो, संध्याकाळच्या गाडीने परत. फोटो दुसऱ्या दिवशी मिळणार, म्हणून चिठ्ठी जपून ठेवली. पोस्टाने मागवता यायचा ना?”

“यायचा.”

“आज मागवू, उद्या मागवू, असं करत राहिले. नोव्हेंबरात मंगळवारी ती म्हणाली, आई, डोकं दुखतंय. शुक्रवारी गेली.”

तिने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. इतकी वर्षं सांगून सांगून ते वाक्य गुळगुळीत झालं असावं. मी पुढचा फोटो उलटला.

“मग मी कंपनीला पत्र लिहिलं. चिठ्ठी नाही पाठवली हं, नंबर लिहून पाठवला. चिठ्ठी हरवली असती तर?” मी मान हलवली. “उत्तर आलं की या नंबराचा फोटो सापडत नाही. म्हणजे कुठेतरी पडलाय असंच ना? मी नवऱ्याला म्हटलं, सापडत नाही म्हणजे आहे. नसता तर नाही म्हणाले असते.”

“दुसरा एकही फोटो नाही?”

“चर्चमध्ये नाव ठेवलं तेव्हाचा एक आहे. तीन महिन्यांची होती. तीन महिन्यांचं कुठलंही मूल घ्या, बटाटाच असतो.”

डोरीनने चहा आणून ठेवला. ऐकत होतीच ती, तिचे डोळे लाल झाले होते. तीही खुर्ची ओढून दुसऱ्या पेटीला भिडली.

आम्ही तिघं फोटो उलटत राहिलो. बाहेर घसरगुंडीवरून पोरं किंचाळत येत होती. मी मनात म्हणत होतो, चारला बस आहे. चारपर्यंत शोधू, मग म्हणू, नाही सापडला. ती घरी जाईल. ‘कुठेतरी पडलाय’ हे तिच्याजवळ राहील. यात वाईट काय? म्हातारपणी माणूस स्वतःला किती सहज पटवतो ते बघा. तरुणपणीही मी यात वाईट नव्हतो.

“मिस्टर सिरिल,” ती मधेच म्हणाली, “तुम्हाला लेकरं आहेत?”

“एक मुलगा. ऑस्ट्रेलियात असतो.”

“डोळे मिटले की दिसतो?”

“दिसतो. जाडा झालाय.”

ती हसली, आणि मग हसू ओसरल्यावर म्हणाली, “मला ती दिसत नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही अजून. आवाज आहे. केसांना साबणाचा वास यायचा, तो आहे. गुडघ्यावर कुठे खरचटलं होतं ते सांगेन. चेहरा गेला. सत्तरी उलटल्यावर गेला हळूहळू. आता आठवायला गेले की बहिणीच्या नातीचा चेहरा येतो. त्या पोरीचा काय दोष, पण मला तिचा राग येतो. मला एकदाच बघायचंय. फोटो घरी नाही दिला तरी चालेल. इथे बसून बघेन आणि जाईन.”

माझ्या हातातला फोटो मी दोनदा उलटला तरी त्यात कोण होतं ते मला दिसलं नाही.

साडेतीनला डोरीन उभी राहिली. खुर्ची मागे पडली तरी तिचं लक्ष नव्हतं. “हिल्डा,” ती म्हणाली, “ही बघा बरं.”

फोटोत चार-साडेचार वर्षांची मुलगी होती. गळ्यापर्यंत बटणं लावलेला रेनकोट, डोक्यावर तसलीच टोपी, कारण त्या दिवशीही भुरभुर असावी. तो रेनकोट त्या वर्षी आमच्या लँकेशायर परगण्यातल्या अर्ध्या पोरांच्या अंगावर होता. शेजारी आईचा फक्त हात आला होता, मनगटापासून कोपरापर्यंत, आणि पिशवीचा बंद. मुलगी सरळ कॅमेऱ्यात बघत होती. ओठ जरासे उघडे. पाठीमागचा नंबर पाण्याने पार पुसलेला.

हिल्डाबाईंनी चष्मा पुसला, फोटो खिडकीच्या उजेडात धरला. पुष्कळ वेळ धरला.

“रेनकोट होता,” त्या म्हणाल्या. “पाऊस होता. पिशवी… माझी पिशवी अशी होती का? असेल.” त्यांनी फोटो टेबलावर ठेवला. “हनुवटी अशी होती का? मिस्टर सिरिल, तुम्ही होता ना त्या साली?”

“होतो.”

“आमचा फोटो घसरगुंडीच्या मनोऱ्यापाशी काढला. उंच मुलगा होता, कान बाहेर आलेले.” त्यांनी माझ्या कानांकडे बघितलं. केस गेले तरी कान कुठे जातात? “तुम्हीच का हो?”

“मीच.”

“मग तुम्ही सांगा. मला नाही ओळखता येत. आई असून नाही येत. तुम्ही म्हणालात तर मी विश्वास ठेवेन. ही तीच आहे का?”

डोरीनने मला कोपराने ढोसलं आणि उठवून कपाटापाशी नेलं. “हो म्हण,” ती कुजबुजली. “बाई ऐंशीच्या घरातली. कुणाचं काय जाणार आहे? हो म्हण आणि मोकळा हो. तुला काय धाड भरलीय?”

“डोरीन, ही त्यांची पोर नाहीये.”

“तुला काय ठाऊक? नंबर तरी दिसतोय का?”

मला काय ठाऊक होतं ते मी डोरीनलाही कधी सांगितलं नव्हतं. बिल्ला लावून तीन महिने मिठ्या मारून घेतल्या, पण हे नाही सांगितलं. मी टेबलाकडे परत गेलो तो हो म्हणायचं ठरवूनच. शब्द अगदी ओठांवर होता.

हिल्डाबाई फोटोवर वाकल्या होत्या. अगदी हळू आवाजात, झोपलेल्या मुलाला उठवावं तशी त्यांनी हाक मारली. “म्युरिअल.” थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, “म्युरिअल?” आणि फोटोतल्या त्या परक्या पोरीच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

तेव्हा मला ते जमलं नाही. मी आता हो म्हटलं की ही पोर यांच्या उशाशी जाणार होती. रोज रात्री त्या तिच्याकडे बघून झोपणार, आणि खऱ्या पोरीचा जो काय आवाज, जो काय साबणाचा वास उरला होता, तो या दुसऱ्याच चेहऱ्याला चिकटणार. एकदा मी तिचा फोटो काढला नव्हता. आता उरलीसुरली ती पुसून टाकणार होतो.

“ही ती नाही,” मी म्हणालो.

“कशावरून?”

“तुमचा फोटो मी काढलाच नाही, हिल्डाबाई. खटका वाजवला. आत फिल्म सरकली नाही. चिठ्ठीचा कोपरा बघा. ती चीर माझ्या नखाची आहे. ज्यांचा फोटो काढायचा नाही, त्यांना आम्ही तसली चिठ्ठी द्यायचो.”

डोरीनच्या हातातली बशी वाजली. 

हिल्डाबाईंनी चिठ्ठी उचलली. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. “ही चीर मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, माझ्याच हातून फाटली. म्हणून डब्यात ठेवली, आणखी फाटू नये म्हणून.”

मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसलो. 

“पण आमचाच का नाही काढला?”

“फिल्म कमी असायची. जे विकत घेणार नाहीत, त्यांच्यावर घालवायची नाही, असा हुकूम होता.”

“आणि मी घेणार नाही हे तुम्हाला कसं कळलं?”

यावर खोटं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं की रीळ संपलं होतं. “तुमच्या बुटांवरून,” मी सांगितलं. “आम्ही पायांकडे बघून ठरवायचो. तुमच्या डाव्या बुटाचा तळ सुटला होता, आत पुठ्ठा होता. भिजून बाहेर आला होता.”

त्या गालाला हात लावून बसल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्याचीच वाट बघत होतो, पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्यासारखा नव्हे, शाळेतल्या पोरासारखा. त्या चिडल्या नाहीत.

“घेणार होते हो,” त्या म्हणाल्या. “तेवढे बाजूला ठेवले होते.”

मग त्यांनी तो रेनकोटवाल्या मुलीचा फोटो उचलला. आपल्या बाहीने त्यावरचं बोटांचे ठसे पुसले, दोन्ही कडा धरून नीट पेटीत ठेवला आणि डोरीनला म्हणाल्या, “हिला वर ठेवा, लोकांना दिसेल अशी. हिचं कुणीतरी येईल.”

डोरीन रडत होती. तिने मान हलवली.

बसच्या भोंग्याचा आवाज आला. हिल्डाबाईंनी पिशवीतून टोपी काढली, उलगडली, डोक्याला बांधली. चिठ्ठी पाकिटात, पाकीट डब्यात, डबा पिशवीत. मी त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेलो, कारण फळ्या ओल्या होत्या. मला वाटलं, आता काही न बोलताच जातील, आणि ते मला पुरेसं होतं.

दारात त्या थांबल्या.

“फिल्म नव्हती ते ठीक,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावला होता. मला आठवतंय. तुम्ही तिला म्हणालात, इकडे बघ राणी, आणि तिने बघितलं. म्हणजे काचेतून ती तुम्हाला दिसली.”

“हो.”

“मग सांगा ना, कशी होती? घाईघाईत सांगा, बस निघेल. नाक कसं होतं? डोळे? जे असेल ते.”

मी डोळे मिटले. देवाशपथ सांगतो, मी प्रयत्न केला. इतक्या वर्षांत कशासाठी केला नसेल इतका केला. मला मनोरा दिसला. भुरभुर दिसली. पुठ्ठा बाहेर आलेला बूट अगदी आत्ता पुढ्यात ठेवल्यासारखा दिसला, आणि शेजारी लहान बूट, त्यातल्या एकाला नाडीऐवजी सुतळी. तिथून मी वर जायला बघत होतो. सुतळीपासून मोज्यापर्यंत, मोज्यापासून रेनकोटाच्या काठापर्यंत. त्याच्या वर काही नव्हतं. मी तेव्हाही तिथपर्यंतच बघितलं होतं.

“आठवत नाही, हिल्डाबाई,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला, थोपटला.

“मलाही नाही,” त्या म्हणाल्या, आणि पावसात बसकडे चालू लागल्या.